मॉन्टेसरी शाळेतील मुले पुढे काय होतात?

आमच्या घरी गेल्या माघ महिन्यात एक लहानसा वाद उपस्थित झाला. धाकट्या चिरंजीवांचे बाळ आता तीन वर्षांचे झाले. त्यास मॉन्टेसरी पद्धतीच्या बालमंदिरात घालावे असा सूनबाईंचा आग्रह, आणि आमच्या सौभाग्यवतींचा त्यास सक्त विरोध. "मणी ओवणे नि पाणी ओतणे हेच शिकायचे, तर त्याकरिता फी कशाला? ते मी घरी शिकवीन. तिथली मुले पुढे काय होतात, तेवढे आधी कोणी सांगा!" असा त्यांचा सवाल. "मामंजी, आता तुम्हीच सांगा," म्हणून सूनबाईंनी मजकडे पाहिले. जुन्नर तालुक्यात चौतीस वर्षे संस्कृत व मराठी शिकविण्यात घालविल्यामुळे हा निवाडा माझ्या माथी येणे क्रमप्राप्तच होते. तो मी ताबडतोब दिला नाही. त्यास एक कारण होते. ते पुढे येईल.

सूनबाईंजवळ थोरामोठ्यांची यादी तयार होती. गूगलचे संस्थापक लॅरी पेज व सर्गेई ब्रिन हे दोघेही बालपणी मॉन्टेसरी शाळेत होते, आणि २००४ साली एका मुलाखतीत त्यांनी आपल्या यशाचे श्रेय त्या शिक्षणास दिले. १९८२ चे नोबेल पारितोषिक मिळविणारे कोलंबियाचे कादंबरीकार गाब्रिएल गार्सिया मार्केझ आराकाताका या आपल्या गावी अशाच शाळेत वाचावयास शिकले, आणि आत्मचरित्रात त्यांनी या पद्धतीची मुक्तकंठाने प्रशंसा केली आहे. यादी भारदस्त खरी, परंतु तीवर माझा फारसा विश्वास बसला नाही. पेज यांचे वडील संगणकशास्त्राचे प्राध्यापक, ब्रिन यांचे गणिताचे. आंब्याच्या झाडास आंबा लागला, त्याचे श्रेय कुंपणास द्यावे काय?

एका नावाशी मात्र मी थबकलो. जर्मनीतून ॲमस्टरडॅमला आश्रयास आलेल्या यहुदी कुटुंबातील ॲन फ्रँक ही मुलगी १९३४ पासून १९४१ पर्यंत मॉन्टेसरी शाळेत होती. थोरली बहीण साध्या शाळेत जाई. ही मोठी बोलकी आणि एका जागी न ठरणारी. १९४१ साली नाझी अंमलात यहुदी मुलांना निराळ्या शाळांत घालण्याचा हुकूम झाला आणि तिची ती शाळा सुटली. पुढे दोन वर्षे लपून काढल्यावर पकडली जाऊन १९४५ साली छळछावणीत ती वारली, वय पंधरा. ही मुलगी पुढे कोण झाली, हे कोणत्या रकान्यात लिहावे? परीक्षा नाही, हुद्दा नाही. कोंडलेल्या जागेत लिहीत राहिली, आणि १९४४ साली तेच पुन्हा नव्याने लिहावयास बसली. गुण देणारा कोणीही नसता मूल असे काम करते, हे मास्तराच्या डोळ्यांतून सुटत नाही.

कुंपण आणि झाड यांचा गुंता सोडविण्याचा एक प्रामाणिक यत्न अमेरिकेत मिलवॉकी शहरी झाला. तेथील सरकारी मॉन्टेसरी शाळेत जागांहून अर्ज अधिक, म्हणून चिठ्ठ्या टाकून प्रवेश देत. ज्यांची चिठ्ठी निघाली ती मुले आणि ज्यांची निघाली नाही ती मुले यांची तुलना अँजेलिन लिलार्ड व निकोल एल्स-क्वेस्ट या विदुषींनी केली. दोहोंकडील आईबापांची इच्छा एकच, त्यामुळे फरक पडला तर तो शाळेचा. २००६ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, पाच वर्षांची मॉन्टेसरी मुले अक्षरओळख, गणित व मनाचा संयम यांत पुढे होती. बाराव्या वर्षी वाचन-गणितातील अंतर उरले नव्हते. परंतु त्यांनी रचलेल्या गोष्टी अधिक कल्पक, वाक्ये अधिक गुंतागुंतीची, आणि शाळेतील सोबत्यांविषयी आपुलकी अधिक. "म्हणजे शेवटी सारखेच!" असे सौभाग्यवती म्हणाल्या. ज्याने चौतीस वर्षे 'माझा आवडता प्राणी' तपासला, तो मात्र असे म्हणणार नाही.

परंतु अमेरिकेचा दाखला आमच्या मुलखास कितपत लागू? वस्तुतः ही पद्धत श्रीमंतांची म्हणून जन्मलीच नाही. डॉ. मारिया मॉन्टेसरी यांनी आपले पहिले बालगृह १९०७ साली रोममधील मजूरवस्तीत काढले. १९३९ साली त्या हिंदुस्थानात आल्या. पुढील वर्षी इटली युद्धात पडताच त्यांचे चिरंजीव मारिओ यांस शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून काही काळ आमच्या शेजारच्या अहमदनगरास स्थानबद्ध करण्यात आले होते, हे थोड्यांस ठाऊक असेल. पण त्यांच्या आगमनापूर्वीच त्यांचा विचार येथे रुजला होता. १९२० साली भावनगरास गिजुभाई बधेका यांनी बालमंदिर काढले. त्यांना ताराबाई मोडक येऊन मिळाल्या, आणि १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला.

ताराबाई तेवढ्यावर थांबत्या तर मध्यमवर्गीयांची एक चांगली शाळा एवढेच नाव राहते. १९४५ साली त्या आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डीस गेल्या. त्यांच्यासवे अनुताई वाघ, आपल्या पुणे जिल्ह्यातील मोरगावच्या, बालपणीच वैधव्य आलेल्या. परदेशी साहित्याची किंमत परवडणारी नव्हती. त्यांनी शिंपले, खडे, बिया, पाने घेतली. मुले वर्गात येईनात, तर वर्गच त्यांच्या अंगणात नेला, ती अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या पोरांकरिता कुरणशाळा. १९५७ पासून हे काम कोसबाडच्या टेकडीवर चालले, आणि १९७५ साली केंद्र सरकारने बालविकासाची योजना काढली तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले.

आंबेगाव तालुक्यात डिंभे धरणाच्या वरच्या अंगास, महादेव कोळ्यांच्या एका वाडीत, अशी अंगणवाडी मी मध्यंतरी पाहिली. चार वर्षांची दोन पोरे वाळक्या हिरड्यांची लहानमोठी रास लावीत होती. मी दारात उभा राहिलो तरी एकानेही मान वर केली नाही. आमच्या वर्गात साहेब आले की चाळीसही मुले ताडकन उभी राहत, आणि मग कोणास आपली ओळ सापडत नसे.

आता ते कारण सांगतो. मी नोकरीस नवा असताना जुन्नरात एक बाई आपल्या वाड्याच्या पडवीत मॉन्टेसरी वर्ग चालवीत. त्यांची मुले मोठी होऊन माझ्या वर्गात येत, आणि खरे सांगायचे तर मला ती डोईजड वाटत. आठवीस संस्कृतचा आरंभ करताना एका मुलाने विचारले, "गुरुजी, संस्कृतात दोघांकरिता निराळे रूप आहे, मग मराठीत का नाही?" मला उत्तर ठाऊक नव्हते. मी त्यास उद्धटपणाबद्दल छडी मारली. पुन्हा त्याने माझ्या तासाला प्रश्न विचारला नाही.

या फाल्गुनात मी त्या पडवीतील सातआठ जणांचा ठाव काढला. एक मंचरला परिचारिका, दोघे द्राक्षे-टोमॅटो पिकविणारे, एक शिक्षिका. एक व्यसनापायी वाया गेला. तोही त्याच पडवीतला, हे लपवून चालणार नाही. द्विवचनवाला मुलगा नारायणगावास पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. शेजारचा दुकानदार म्हणाला, "मोटार फिरल्याशिवाय तो जेवायला उठत नाही." मी ओशाळून छडीची आठवण काढली. तो हसला आणि म्हणाला, "गुरुजी, मग उत्तर मिळाले का?"

उत्तर मिळाले होते, पुष्कळ वर्षांनी. प्राकृतातच द्विवचन लोपले. आपल्या नाणेघाटातील सातवाहनांचा लेख प्राकृतातलाच. मराठीस ते वारशाने आलेच नाही. तांब्याच्या तारेचे वेटोळे हाती धरून त्याने सारे शांतपणे ऐकले. मग म्हणाला, "पण लोपले का?"

घरी येऊन मी निवाडा दिला. त्यापूर्वी एक सकाळ बालमंदिरात बसून आलो, कारण मॉन्टेसरी हे नाव कोणाच्या मालकीचे नाही. तशी पाटी लावून तीन वर्षांच्या मुलांकडून इंग्रजी मुळाक्षरे घोटून घेणारी एक जागाही मी पाहिली आहे. हे बालमंदिर तसे नव्हते. जूनमध्ये नातू तेथे जाईल. सौभाग्यवतींची संमती अद्याप अर्धीच आहे. तूर्त त्याने देवघरातील पळी-पंचपात्र घेऊन पाणी ओतण्याचा उद्योग आरंभिला आहे. सांडलेले तो आपण होऊन पुसतो. मात्र त्याकरिता आजीच्या सोवळ्याचे फडके घेतो, आणि त्यावरून रोज सकाळी घरात नवा वाद उभा राहतो.