पक्षाघात टाळणारी गोळी
मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्याने पक्षाघात झालेल्या रुग्णास तो पुन्हा होऊ नये म्हणून डॉक्टर पुष्कळदा क्लोपिडोग्रेल हे औषध देतात. रक्तातील बिंबाणू एकमेकांस चिकटून गुठळी होते. ते चिकटणे हे औषध रोखते. सामान्यतः ७५ मिलिग्रॅमची एक गोळी रोज ठराविक वेळी घ्यावयाची असते.

या गोळीने बरे वाटत नाही, वाईटही वाटत नाही. खरी अडचण येथेच आहे. प्रकृती ठीक दिसताच पुष्कळजण ती परस्पर सोडतात. बिंबाणूंचे आयुष्य अवघे ७ ते १० दिवसांचे. तेवढ्यात नवे तयार होतात आणि संरक्षण संपते. दात काढावयाचा असला तरी गोळी आपल्या मनाने थांबवू नये. दंतवैद्यास कल्पना द्यावी व औषध देणाऱ्या डॉक्टरांस विचारावे. एखादे दिवशी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत.

अंगदुखीवर दुकानातून सहज आणली जाणारी आयबुप्रोफेन रक्तस्रावाचा धोका वाढविते, तर पित्तावरील ओमेप्राझोल या औषधाचा गुण उणा करते. दाढी करताना कापल्यास रक्त थोडा अधिक वेळ वाहते, त्याने घाबरू नये. मात्र शौचास डांबरासारखे काळे झाल्यास वा डोक्यास मार लागल्यास त्वरित रुग्णालय गाठावे.

तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोबडी वळली, तर जादा गोळी मुळीच देऊ नये. झटका रक्तस्रावाचाही असू शकतो, आणि सीटी स्कॅनवाचून ते कळत नाही. १०८ क्रमांकावर तत्काळ रुग्णवाहिका मागवावी.