परवडणारे घर कोणाला परवडते?

लोकलच्या डब्यात, बसच्या पाठीवर, स्टेशनबाहेरच्या फलकांवर ‘परवडणारी घरे’ हे दोन शब्द आपण रोज वाचतो. बदलापूर, वांगणी, टिटवाळा, नालासोपारा, विरार ही त्या घरांची गावे. तिथे राहतो कोण? वरळी-नायगावच्या बीडीडी चाळीत, माटुंग्याच्या लेबर कॅम्पात, घाटकोपरच्या रमाबाई नगरात, परळ-लालबागच्या गिरणी चाळीत ज्यांच्या आई-बापांनी आयुष्य काढले त्यांची मुले. भावांची लग्ने झाली, खोली पुरेना, वाटणीच्या पैशात मुंबईत उभे राहायलाही जागा मिळेना, तेव्हा ही मुले रूळ धरून बाहेर पडली. आम्हीही त्यांतलेच. आम्ही बदलापूरला राहतो आणि कल्याणच्या कोर्टात वकिली करतो. त्यामुळे या घरांचे कागद आणि त्या घरांतली माणसे, दोन्ही आमच्या रोजच्या ओळखीची आहेत.

आकडे काय सांगतात? २००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या सुमारे ९८ हजार होती, २०११ मध्ये ती पावणेदोन लाखांच्या घरात गेली. त्याच दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाखांवरून ३१ लाखांच्या खाली उतरली. माणसे हौसेने बाहेर गेली नाहीत. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, त्यांच्या जमिनींवर मॉल आणि मनोरे उभे राहिले, आणि त्या जमिनीवर घाम गाळणाऱ्याला सांगण्यात आले की तुझे घर बदलापूरच्याही पुढे, शेलू-वांगणीला. जुलै २०२५ मध्ये गिरणी कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानात जमले ते याच्याच विरोधात. उलट वरळीच्या बीडीडी चाळीत रहिवाशांनी जागा सोडली नाही, म्हणून १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात त्याच जागी ५०० चौरस फुटांची घरे देणे सरकारला भाग पडले. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांतल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या हातात पडल्या. जागा सोडणे आणि जागेवर टिकणे यांतला फरक यावरून ओळखावा.

तरीही उपनगरातल्या या घराला आम्ही नावे ठेवणार नाही. बाबासाहेब १९१७ साली बडोद्याला नोकरीला गेले तेव्हा अमेरिका-इंग्लंडचे शिक्षण घेऊन आलेल्या या माणसाला त्या शहरात डोके टेकायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून त्यांना काठ्या घेतलेल्या जमावाने हाकलले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत त्यांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना खडे बोल सुनावले. ज्या समाजाला गावकुसाबाहेर ठेवले गेले, त्याच्या मुलाने स्वतःच्या नावाची पाटी दारावर लावणे, घरातच संडास-मोरी असणे, मुलीला अभ्यासाला वेगळी खोली मिळणे, ही लहान गोष्ट नाही. वीस वर्षांचे कर्ज डोक्यावर घेऊन आमच्या माणसाने हे मिळवले आहे. म्हणूनच त्या घराची पूर्ण किंमत काय, हे विचारण्याचा त्याला हक्क आहे.

पहिली किंमत वेळेची. बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर. दारापासून दारापर्यंत दोन तास जाण्याचे, दोन तास येण्याचे. वर्षाला ३०० दिवस धरले तर १,२०० तास, म्हणजे वर्षातले पूर्ण ५० दिवस आणि ५० रात्री आमचा माणूस गाडीत आणि फलाटावर काढतो. हा हिशोब जाहिरातीत नसतो. बाईचा हिशोब तर याहून कठीण. पहाटे पाण्याच्या वेळेला उठायचे, डबे भरायचे, गाडी धरायची आणि रात्री परत येऊन पुन्हा चूल. बारवी धरण बदलापूरच्या शेजारी, पण त्याचे पाणी ठाणे-मीरा-भाईंदरपर्यंत जाते आणि धरणाच्या उशाशी राहणारा टँकरला पैसे मोजतो. ९ जून २०२५ रोजी दिवा-मुंब्रादरम्यान दारात लटकलेले प्रवासी खाली पडले, त्यांतले चार जण त्याच दिवशी गेले. कल्याण-बदलापूर तिसरी आणि चौथी मार्गिका मंजूर झाली ती २०१९ साली. बिल्डरला परवानग्या त्याच्या कितीतरी आधीपासून मिळत होत्या. आधी माणसे आणून टाकायची आणि रूळ, पाणी, दवाखाना, शाळा यांचे मग बघू, असा हा विकास आहे.

दुसरी किंमत कागदांची. आमच्याकडे येणाऱ्या पक्षकारांपैकी अनेकांच्या हातात शंभर-पाचशेच्या स्टॅम्प पेपरवरचा नोटरी केलेला करार असतो. घर घेतले, पैसे दिले, गृहप्रवेश झाला, आणि घर त्यांच्या नावावर नाही! शंभर रुपयांवरच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत दस्ताशिवाय होत नाही, हे मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५४ सांगते. नोटरीचा शिक्का म्हणजे मालकी नव्हे. हे आमच्या माणसाला सांगतो कोण? दलाल तर सांगणार नाही.

पण नोंदणी झाली, रेराचा क्रमांक मिळाला, म्हणजे निश्चिंत व्हावे असेही नाही. डोंबिवलीतल्या ६५ इमारतींच्या बिल्डरांनी महापालिकेच्या बनावट परवानग्या जोडून रेराचे क्रमांक मिळवले. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. नालासोपाऱ्यात सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव असलेल्या जमिनीवरच्या ४१ इमारती २०२५ च्या सुरुवातीला जमीनदोस्त झाल्या. ज्यांनी इमारती बांधल्या ते पैसे घेऊन मोकळे, ज्यांनी डोळेझाक केली ते आपापल्या खुर्चीत, आणि हप्ते भरणारा रस्त्यावर. शिवाय इमारत उभी राहिली म्हणून ती टिकेल असेही नाही. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शिळफाट्याला बांधकाम चालू असलेली इमारत कोसळली, ७४ माणसे मेली. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारची रमाबाई अपार्टमेंट कोसळली, १७ जणांचा बळी गेला. स्वस्त घरातला स्वस्तपणा कुठे सिमेंटमधून आलेला असतो, कुठे परवानगीतून, कुठे नदीच्या पूररेषेतून.

तिसरी किंमत आमच्या समाजाला जास्तीची मोजावी लागते. घर पाहायला गेले की दलाल आधी आडनाव विचारतो. आडनावावरून कळले नाही तर मूळ गाव विचारतो, आणि गावावरूनही कळले नाही तर ‘तुम्ही नॉनव्हेज खाता का’ असे विचारतो. आम्हालाही हे तिन्ही प्रश्न विचारले गेले आहेत. पुढे सोसायटीत सत्यनारायणाला सगळ्यांच्या वर्गणीतून मांडव पडतो, आणि १४ एप्रिलला गेटवर निळी पताका लावायची म्हटली की तो ‘राजकीय कार्यक्रम’ ठरतो. कायदा याबाबत काय म्हणतो? नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ च्या कलम ४ मध्ये अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणालाही कोणत्याही वस्तीत घर बांधण्यास, घेण्यास किंवा त्यात राहण्यास आडकाठी करणे हा गुन्हा आहे. सहकारी सोसायटीला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही, नाकारले तर निबंधकाकडे दाद मागता येते. पण २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीचा, फक्त पारशांनाच सभासद करण्याचा नियम वैध ठरवला. घटनेच्या अनुच्छेद १५(२) मध्ये दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, रस्ते आहेत, ‘घर’ हा शब्द मात्र नाही. त्यातला ‘दुकान’ हा शब्द व्यापक अर्थाने वाचावा, असे बाबासाहेबांनी घटना समितीत स्पष्ट केले होते. त्या व्यापक अर्थाची लढाई अजून पूर्ण लढली गेलेली नाही.

आणि आपण काय करतो? काही जण आडनाव बदलतात. काही जण बाबासाहेबांचा फोटो दिवाणखान्यातून आतल्या खोलीत नेतात. आम्ही त्यांना दोष देत नाही. एकट्या घराला शेजाऱ्यांची भीती वाटते. वस्तीत हे घडत नव्हते, कारण वस्तीत मंडळ होते, वाचनालय होते, विहार होते, हाकेला धावून येणारी पोरे होती. फ्लॅटच्या दारामागे आपण सुटे-सुटे झालो. रात्री दहाला घरी पोचणारा माणूस सभेला येत नाही, आणि मग चळवळ थंडावली म्हणून आपण एकमेकांना बोल लावतो. चळवळ चार तासांच्या प्रवासात संपते आहे, हे ध्यानात घ्या!

म्हणून काही कामे हाती घ्यावी लागतील. घर घेण्यापूर्वी सातबारा, बिगरशेतीचा आदेश आणि मंजूर नकाशा पाहा. परवानगीचा क्रमांक नगरपालिकेत स्वतः जाऊन ताडून घ्या. नोंदणीकृत कराराशिवाय दहा टक्क्यांहून अधिक रक्कम बिल्डरला मागता येत नाही, हे रेराच्या कलम १३ मध्ये आहे. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय ताबा घेऊ नका. दस्तावर पत्नीचे नाव घाला. सोसायटी झाली, पण बिल्डर जमीन नावावर करून देत नसेल तर २००८ च्या दुरुस्तीपासून मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग खुला आहे. जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करा. जमीन सोसायटीच्या नावावर नसेल तर उद्या पुनर्विकासात तुमचा शब्द चालणार नाही.

सोसायटीच्या निवडणुकीला उभे राहा. सचिवपद घ्या, हिशोब तपासा, पाण्याचा प्रश्न सगळ्यांच्या वतीने मांडा. सगळ्यांचे काम करणाऱ्याला १४ एप्रिलची परवानगी मागत फिरावे लागत नाही. आणि प्रत्येक विहारात महिन्यातला एक रविवार कागदपत्रांसाठी ठेवा. वंदना झाली की तासभर समाजातल्या एखाद्या वकिलाने बसावे आणि ज्यांना घर घ्यायचे आहे त्यांचे कागद वाचून द्यावेत. याला पैसा लागत नाही. कल्याणपासून कर्जत-कसाऱ्यापर्यंत, वसईपासून डहाणूपर्यंत आपल्या समाजात वकील कमी नाहीत. त्यांनी रविवारचे दोन तास द्यावेत. पुढच्या महिन्यापासून बदलापुरात आम्ही बसतो आहोत. बाकीच्यांनी आपापल्या स्टेशनावर सुरुवात करावी.