स्पीकर, फळी आणि मागची भिंत

विषयाचं नाव वाचून तुमच्यापैकी काहीजण म्हणतील, की स्पीकर निवडायचा त्यात एवढं सांगण्यासारखं काय आहे? दुकानात जावं, दोन-चार वाजवून पाहावे, परवडेल तो घ्यावा आणि घरी आणून मोकळ्या जागी ठेवावा. म्हणणं रास्त आहे. अडचण आहे ती फक्त 'मोकळ्या जागी' या दोन शब्दांची.

वडगाव, कामशेत, मळवली, लोणावळा या पट्ट्यातली बैठकीची खोली डोळ्यांपुढे आणा. दहा फूट बाय बारा फूट. एका भिंतीला दार. दुसरीला खिडकी, आणि पावसाळ्यात तिच्याखाली काही ठेवायची सोय नाही. तिसऱ्या भिंतीला दिवाण. चौथीला शोकेस, तिच्यात टीव्ही, पेले, पोरांची बक्षिसं. जुनं घर असेल तर शोकेसच्या जागी कोनाडा. स्पीकरला मिळते ती त्यातलीच एखादी फळी; पाठीशी भिंत, दोन्ही अंगांना लाकूड. खोलीच्या मध्ये स्टँडवर स्पीकर उभे करावेत असं परदेशी माहितीपत्रकात लिहिलेलं असतं खरं, पण तसं केलं तर माणसांनी बसावं कुठं? तेव्हा जागा ठरलेलीच आहे, असं धरून चालू. जागा बदलता येत नसेल, तर त्या जागेला मानवेल असा स्पीकर निवडायचा, एवढंच आपल्या हाती राहतं.

आणि हा केवळ हौसेचा मामला नाही. 'सात' आणि 'साठ' हे दोन शब्द एकदा मोठ्यानं म्हणून पाहा. दोहोंतला फरक आहे शेवटच्या एका व्यंजनाचा, आणि ते व्यंजन असतं क्षणभर. 'पाच' आणि 'पास' यांचंही तेच. इंद्रायणी तांदळाचा भाव असो, औषधाची मात्रा असो, की वर्गात मुलांना ऐकवायचा धडा असो, अर्थ राहतो तो या बारीक, उंच स्वरांच्या आवाजांत. खालचा, जाड आवाज खोलीत घुमू लागला की आधी हेच आवाज झाकले जातात. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना उंच स्वर आधीच कमी ऐकू येतात. ती म्हणतात, "आवाज मोठा कर रे." आपण मोठा करतो, त्याबरोबर घूमही मोठी होते, आणि शब्द होता तिथंच राहतो. ध्वनिशास्त्र हा काही माझा शिकवण्याचा विषय नव्हे. पण शब्द नीट पोचला पाहिजे, ही भाषेच्या मास्तराची रोजची गरज आहे, आणि त्या गरजेपोटीच हा विषय मी घेतला.

आता घूम येते कुठून ते पाहू. कार्ल्याचं चैत्यगृह तुम्ही पाहिलं असेल. सुमारे एकशे चोवीस फूट लांब, पंचेचाळीस फुटांच्या आसपास रुंद आणि जवळजवळ तितकंच उंच, सगळं कातळात कोरलेलं. दारातून निघालेला आवाज मागच्या कातळावर आपटून परत येतो, म्हणजे सुमारे शहात्तर मीटर चालतो. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४५ मीटरच्या आसपास धरला, तर त्याला सेकंदाचा पाचवा भाग तरी लागतो. एवढा वेळ कानाला पुरतो. मूळ आवाज वेगळा आणि परतलेला वेगळा ऐकू येतो. तुमच्या बारा फुटांच्या खोलीत हीच फेरी सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या आतबाहेर पुरी होते. कानाला दोन आवाज वेगळे करता येत नाहीत. ते एकमेकांत मिसळतात, आणि आवाजाचा रंगच बदलतो. म्हणून घरात आपण 'प्रतिध्वनी येतो' असं न म्हणता 'आवाज भरभरून येतो' किंवा 'दबदबतो' असं म्हणतो.

या मिसळण्यात स्पीकरच्या पाठीमागच्या भिंतीचा वाटा सर्वांत मोठा. उंच स्वर बॅटरीच्या झोतासारखे पुढे जातात, पण खालचे स्वर कंदिलाच्या उजेडासारखे चारी बाजूंना पसरतात. पाठीशी भिंत आली की मागे जाणारा खर्जही पुढेच फेकला जातो. भिंत अगदी जवळ असेल, तर तो सहा डेसिबलपर्यंत वाढू शकतो. कोपरा असेल, तर दोन भिंती मिळून त्याहून जास्त. दुकानात मधल्या टेबलावर ठेवलेला स्पीकर गोड वाजतो आणि तोच घरच्या कोपऱ्यात गेला की ढोलासारखा बोलतो, त्याचं कारण हे. दुकानदारानं फसवलेलं नसतं. दुकानात ती भिंत नव्हती, इतकंच.

तुम्ही म्हणाल, मग भिंतीपासून जरा पुढे ओढून ठेवू. इथं एक गंमत आहे. स्पीकरचा दर्शनी भाग भिंतीपासून दोन फुटांवर आला, तर भिंतीवरून परतणारा आवाज मूळ आवाजापेक्षा चार फूट जास्त चालून येतो. कंपनसंख्या सेकंदाला १४०-१४५ च्या आसपास असलेल्या स्वराची नेमकी अर्धी लहर त्यात बसते. एक लहर वर जात असते तेव्हा दुसरी खाली, आणि दोघी एकमेकींना खातात. तीन फुटांवर ओढला, तर हाच खड्डा पंचाण्णवच्या आसपास पडतो. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर याच टापूतला. म्हणजे बातम्या वाचणाऱ्याचा भरदार आवाज अर्धवट पुढे ओढलेल्या स्पीकरमधून पोकळ वाटायचा. म्हणून लहान खोलीत माझं मत असं, की स्पीकर सरळ भिंतीजवळ ठेवावा, आणि भिंत जो खर्ज फुकट देते तो जमेस धरून, मुळात कमी खर्जाची पेटी घ्यावी. मोठी पेटी आणून मग तिचा खर्ज कसा आवरावा याची चिंता करण्यात अर्थ नाही.

पेट्यांचे ढोबळ मानाने तीन प्रकार. काहींना पाठीमागे नळीसारखं भोक असतं, काहींना तेच भोक पुढच्या अंगाला असतं, आणि काही चहूबाजूंनी बंद असतात. भोकातून पेटीतली हवा आतबाहेर होते आणि खर्जाला जोर देते. पाठीमागे भोक असलेली पेटी कोनाड्यात ठेवणं म्हणजे त्या भोकाच्या तोंडाशीच भिंत उभी करणं. चार-सहा इंच मोकळे सोडता येत नसतील, तर ती घेऊच नये. पुढे भोक असलेली त्या मानानं सोयीची. बंद पेटी मात्र भिंतीशेजारी सर्वांत समजूतदारपणे वागते, कारण तिचा खर्ज सावकाश उतरत जातो आणि भिंतीकडून मिळणारी भर त्यात बेताची बसते. घरात आधीच भोकवाली पेटी असेल, तर नवी घेण्याआधी एक बिनखर्चाचा उपाय करून पाहा. जुना पायमोजा गुंडाळून त्या भोकात सैलसा बसवा. दबदब बरीच कमी होते. हसू नका, परदेशी कारखानदार याच कामासाठी स्पंजाची बुचं पेटीबरोबर देतात.

बंद पेटीची कुळकथाही सांगण्याजोगी आहे. खर्ज हवा तर कपाटाएवढी पेटी हवी, असा एक काळ होता. १९५४ च्या सुमारास अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी लहान बंद पेटीत कोंडलेल्या हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करून घेतला आणि फळीवर मावेल अशा पेटीतून खर्ज काढून दाखवला. पुढे १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बीबीसीच्या अभियंत्यांपुढे आपल्यासारखाच प्रश्न आला. बाहेरगावच्या ध्वनिमुद्रणाला जाणाऱ्या गाडीत मोठा स्पीकर मावेना. त्यांनी फूटभर उंच, साडेसात इंच रुंद अशी एक बंद पेटी तयार केली. तिचं नाव एलएस थ्री-फाइव्ह-ए. तिच्यातून घर हादरवणारा खर्ज येत नाही, पण माणूस बोलला तर माणूसच बोलल्यासारखा वाटतो. जागा लहान आहे हे आधी मान्य करून केलेली वस्तू किती चांगली होऊ शकते, याचा हा दाखला.

मागच्या भिंतीखेरीज आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे खोलीची मापं. समोरासमोरच्या दोन भिंतींत एक ठरावीक स्वर अडकून झुलत राहतो. आठ फूट रुंदीच्या खोलीत हा स्वर सेकंदाला सत्तर कंपनांच्या आसपास पडतो. पेटी वाजवणाऱ्यांना सांगतो, काळी एक या पट्टीत लावलेल्या तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेचा स्वर जवळपास हाच! भजनाच्या ध्वनिमुद्रणातला डग्गा कधी अंगावर येतो आणि कधी गायबच होतो, त्याला वाजवणारा जबाबदार नसतो. तुमची बसण्याची जागा जबाबदार असते. हा झुलणारा स्वर भिंतीलगत जोरात असतो आणि खोलीच्या मधोमध क्षीण. दिवाणावर भिंतीला डोकं टेकून बसणाऱ्याला घूम जास्त जाणवते ती त्यामुळे. दीड-दोन फूट पुढे सरकून बसलात, तर शब्द लगेच सुटा होतो. पडदे लावून ही घूम जात नाही. पडदा, सतरंजी, गोधडी यांनी उंच स्वरांचा खणखणाट कमी होतो, आणि नुसती फरशी असलेल्या खोलीत त्याचाही उपयोग आहेच. पण खर्ज पडद्याला जुमानत नाही.

फळीवर ठेवण्याची रीतही आहे. पेटी आत ढकलू नका. तिचं तोंड फळीच्या कडेशी येऊ द्या. भोवतीची पोकळी पुस्तकांनी भरून टाका. रिकाम्या मडक्यात तोंड घालून बोललं की आवाज घुमतो, तशीच अर्धी रिकामी फळीही घुमते. बारीक आवाज काढणारा लहान भाग, ज्याला ट्वीटर म्हणतात, तो शक्यतो कानाच्या उंचीला यावा. खुर्चीवर बसलेल्याचा कान साडेतीन फुटांवर असतो, तर सतरंजीवर मांडी घातलेल्याचा अडीच फुटांच्या आसपास. फळी उंच असेल, तर पेटी उलटी करा म्हणजे ट्वीटर खाली येईल, आणि मागच्या बाजूला लाकडाची पातळ पट्टी देऊन तोंड थोडं खाली झुकवा. घसरून पडणार नाही एवढं मात्र पाहा.

शाळेच्या खोलीबद्दल गुरुजींना दोन शब्द. १९५६ साली पुणे केंद्रावरून शेतकऱ्यांसाठी एक प्रयोग झाला होता. पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत वीस-वीस माणसांची मंडळं एका रेडिओभोवती बसत, कार्यक्रम ऐकत आणि मग त्यावर चर्चा करत. मिळून ऐकायचं, तर प्रत्येकाला सारखं ऐकू आलं पाहिजे, ही अट तेव्हाही होती आणि तुमच्या वर्गात आजही आहे. वर पत्रा आणि त्यावर आषाढाचा पाऊस असेल, तर आवाजाचं बटण पिळत बसण्यापेक्षा स्पीकर मुलांच्या जवळ न्या. अंतर निम्मं केलं की सरळ कानावर येणारा आवाज जितका वाढतो, तितका बटणानं वाढवायचा तर चौपट वॅट लागतात. खालच्या स्वरांचं बटण कमी करा. आणि बोलण्याच्या कार्यक्रमाला दोन स्पीकरांचा हट्टही नको. दोन नीट मांडायला जागा नसेल, तर दोघांच्या पैशात एकच चांगला घ्यावा, हे माझं स्पष्ट मत आहे.

वॅटवरून आठवलं. खोक्यावर पी.एम.पी.ओ. म्हणून हजारांत आकडा छापलेला दिसला, तर तो वाचून न वाचल्यासारखा करा. अशी शक्ती क्षणाच्याही अंशापुरती कागदावर मोजलेली असते. एका वॅटला, एका मीटरवर किती डेसिबल, हा आकडा विचारा. त्यात तीनचा फरक असेल, तर कमी आकड्याच्या स्पीकरला तेवढ्याच आवाजासाठी दुप्पट वॅट द्यावे लागतात. दुकानात जाताना ओळखीच्या माणसाचं बोलणं मोबाइलवर भरून न्या, पुरुषाचं आणि बाईचं, दोन्ही. स्पीकर भिंतीशी ठेवायला सांगून तेच ऐका. दुकानदार आढेवेढे घेईल, घेऊ द्या. 'ब', 'भ', 'म' फुगतात का आणि 'त', 'ठ', 'स' सुटे येतात का, एवढंच कान देऊन ऐका. गाण्यावरून परीक्षा करू नका, कारण गाण्यातला फुगलेला खर्ज पहिल्या दहा मिनिटांत आवडतोच.

आता आपल्याकडचा पाऊस. पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, लोणावळ्यात चार हजारांच्या पुढे. परदेशी पुस्तकांत या गोष्टीला जागा नाही, पण घाटमाथ्यावरच्या घरात ती भिंतीच्या अंतराइतकीच महत्त्वाची. भुश्याच्या दाबलेल्या फळीची पेटी ओल धरून कडांना फुगते, तेव्हा तळाचा भाग नीट मढवलेला आहे का ते दुकानातच उलटी करून पाहा. पडद्याभोवतीची कड रबराची घ्या. फोमची कड दमट हवेत काही वर्षांनी भुगा होऊन गळते. ओल येणाऱ्या भिंतीपासून दोन-तीन बोटं अंतर ठेवाच. एवढ्यानं आवाजाचं गणित बिघडत नाही. भोकवाली पेटी असेल, तर उन्हाळ्यात भोकात डोकावत जा, कारण कुंभारीण माशीला घर करायला ती नळी फार पसंत पडते. आणि श्रावणात एकदा पेट्या पुढे ओढून मागच्या भिंतीला हात लावून पाहा. हाताला गारवा लागला, तर ठीक. बोटं ओली झाली, तर त्या चार महिन्यांपुरते स्पीकर आतल्या भिंतीच्या फळीवर हलवा, आणि तिथं गेल्यावर बोलण्याची तीच परीक्षा पुन्हा एकदा घ्या.