घोरणें थांबलें म्हणजे झोप लागली काय?

महाशिवरात्रीस मार्कंड्याची जत्रा ज्यांनीं एकदां पाहिली, त्यांस वैनगंगेच्या वाळवंटांतील तो देखावा सहसा विसरतां येत नाहीं. चामोर्शी तालुक्यांतील त्या प्राचीन देवळांभोवतीं पहांटेपासून यात्रेकरूंची रीघ लागते. तीन वर्षांपूर्वीं आमचे थोरले काका चंद्रपूरहून ह्या जत्रेस गेले असतां एका जुन्या परिचितानें त्यांच्या हातांत वाटलेल्या भांगेच्या गोळ्यांची पुडी ठेवली आणि सांगितलें, "वकीलसाहेब, रोज रात्रीं दुधांतून एक घेत जा. अशी झोप लागेल कीं कूस बदलल्याची शुद्ध राहणार नाहीं."

काकांस झोपेची तक्रार होती ही गोष्ट खरी. आठ तास निजूनही सकाळीं त्यांचें डोकें जड असे. दुपारीं कोर्टांत डुलकी येई. स्वभावही अलीकडे चिडखोर झाला होता. त्यांचें घोरणें हा तर आमच्या वाड्यांत थट्टेचाच विषय. मुलें त्यास 'कुंभकर्णाचा नगारा' म्हणत. पुडींतील गोळ्या सुरू झाल्या आणि नगारा कांहींसा मंदावला. सर्वांस समाधान वाटलें. एकट्या काकूंस मात्र वाटलें नाहीं.

दोन आठवड्यांनीं काका कांहीं कामानिमित्त गडचिरोलीस गेले. परततांना मूलच्या पुढें जंगलाच्या रस्त्यावर भर दुपारीं त्यांचा डोळा लागला आणि गाडी कडेच्या सागाच्या झाडास घासून थांबली. दैव बलवत्तर म्हणून खरचटण्यावर निभावलें. त्या रात्रीं काकूंनीं मला माजघरांत बोलावून हलक्या आवाजांत सांगितलें, "अरे, हे घोरतात त्याचें मला कांहीं वाटत नाहीं. घोरायचे थांबतात ना, तेव्हां माझा जीव उडतो. मी मनांत अंक मोजतें. वीस होतात, पंचवीस होतात. मग एकदम गुदमरल्यासारखा श्वास येतो. गोळीनें आवाज कमी झाला, पण तें थांबणें कांहीं गेलें नाहीं." हें मोजणें किती दिवस चाललें आहे असें मीं विचारतां त्या म्हणाल्या, "झालीं असतील सहासात वर्षें. कुणाला सांगायचें? ह्यांच्या घोरण्याची का तक्रार करायची?"

श्वास अडतो तो कसा?

काकूंनीं अंक मोजून जें ओळखलें होतें, त्यास वैद्यक निद्रेंतील श्वासावरोध, अर्थात् 'स्लीप ॲप्निया' म्हणतें. आपण जागे असतांना घशाचे स्नायू हवेची वाट उघडी धरून ठेवतात. निद्रा लागली कीं ते सैल पडतात. ज्यांचा घसा मुळांतच अरुंद, जबडा मागें सरलेला, मान जाड किंवा जीभ स्थूल, त्यांची वाट चिंचोळी होऊन तिच्या भिंती थरथरूं लागतात, तेंच घोरणें. वाट पुरती मिटली म्हणजे आवाजही थांबतो. छाती हालत असते, परंतु हवा आंत जात नाहीं. रक्तांतील प्राणवायु उतरतो, मेंदू घाबरून शरीरास क्षणभर जागें करतो, वाट उघडते, आणि निजणाऱ्यास ह्यांतलें कांहींच आठवत नाहीं.

असा अडथळा निदान दहा सेकंद टिकला तर तो हिशेबांत धरतात. पूर्ण व अर्धवट अडथळे मिळून तासास ५ पर्यंत असले तर प्रौढ माणसांत चिंता नसते; ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर तीव्र, अशी प्रतवारी आहे. काकांची तपासणी घरींच एक रात्र बोटास व छातीस उपकरण बांधून झाली. आंकडा निघाला ३८. म्हणजे सात तासांच्या झोपेंत अडीचशेंहून अधिक वेळां त्यांचा श्वास अडत होता! रक्तदाब, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता, पक्षाघात आणि मधुमेह ह्यांच्याशीं ह्या विकाराचें नातें आढळलें आहे. आणि दिवसाच्या झोंपेनें होणारे अपघात तर निराळेच.

विकार जुना, पण त्याची ओळख नवी आहे. डिकन्स ह्या इंग्रज कादंबरीकारानें १८३६-३७ सालच्या 'पिक्विक पेपर्स'मध्यें उभ्याउभ्या पेंगणारा एक लठ्ठ मुलगा रंगविला. वाचक शंभर वर्षें त्यास हंसत राहिले. १९६५ सालीं फ्रान्स व जर्मनी येथील संशोधकांनीं निजलेल्या रुग्णांच्या श्वासाची नोंद घेतली, तेव्हां कोठें हंसण्याचा विषय तपासण्याचा झाला. आमच्या वाड्यांत त्यास आणखी साठ वर्षें लागलीं.

विजयेचा गुण आणि दोष

आतां त्या पुडीकडे वळूं. भांग आणि गांजा हीं एकाच झाडाचीं रूपें. भांग पानांची, गांजा मादी झाडाच्या शेंड्यांचा. आपल्या वैद्यकांत ही वनस्पति 'विजया' ह्या नांवानें परिचित आहे. शार्ङ्गधरसंहितेंत भांगेची गणना अफूबरोबर 'व्यवायी' द्रव्यांत, म्हणजे पचण्यापूर्वींच सर्व शरीर व्यापणाऱ्या द्रव्यांत, केलेली आहे. हें निरीक्षण मार्मिक आहे. मात्र व्यापणारें द्रव्य रोग बरा करतेंच असें त्या ग्रंथाच्या आधारें कोणीं म्हणूं नये.

इंग्रजी अमदानींत आपला चांदा जिल्हा मध्यप्रांतांत मोडत असे, आणि त्या प्रांतांत गांजाची लागवड सरकारी परवान्यानें खंडव्याच्या मुलखापुरतीच ठेवलेली होती. १८९३-९४ सालीं नेमलेल्या भांग-गांजा कमिशननें देशभर हिंडून हजारावर साक्षी घेतल्या आणि बेताच्या सेवनानें फारसा अपाय दिसत नाहीं, अतिरेकानें मात्र होतो, असा निष्कर्ष काढला. तो निष्कर्ष आजही पुष्कळजण पुढें करतात. परंतु निजलेल्या माणसाचा श्वास मोजण्याचें साधन तेव्हां जन्मासही आलें नव्हतें, हें विसरतां कामा नये.

आजचें ज्ञान काय सांगतें? गांजांतील मादक द्रव्यानें पहिल्या कांहीं दिवसांत झोप लवकर लागते आणि स्वप्नें पडणारी निद्रा घटते. नित्याच्या सेवनानें शरीर त्यास सरावतें, गुण ओसरतो आणि मात्रा वाढवावी लागते. सोडूं जावें तर कांहीं दिवस निद्रानाश, चिडचिड आणि भयंकर ठसठशीत स्वप्नें. मग माणूस समजतो कीं ह्याच्यावांचून आपल्यास झोपच नाहीं. वस्तुतः तो त्या पदार्थाचाच सूड असतो.

श्वासावरोधावर ह्या द्रव्याचा उपयोग होईल काय, ह्याचाही शोध झाला आहे. अमेरिकेंत ७३ रुग्णांस सहा आठवडे त्या द्रव्याची कृत्रिम गोळी मोजक्या मात्रेंत देऊन पाहिलें. तो अहवाल २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. तासाचे अडथळे दहाबारांनीं कमी झाले, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. परंतु दिवसा जागें राहण्याची शक्ति मोजली तेव्हां तींत सुधारणा दिसली नाहीं. त्याच वर्षीं तेथील निद्रावैद्यकाच्या अकादमीनें ह्या विकारावर गांजा वा त्याचें द्रव्य वापरूं नये असें स्पष्ट जाहीर केलें. औषधशाळेंतील मोजकी गोळी आणि जत्रेंतील पुडी ह्यांत तर जमीनअस्मानाचें अंतर आहे. आणि चिलमीच्या धुरानें घसा सुजतो तो निराळाच. वृद्धांस ह्यानें छातींत धडधड होते, तोल जातो, रात्रीं पडून हाड मोडण्याचें भय असतें. शिवाय १९८५ च्या कायद्यानें गांजा जवळ बाळगणें गुन्हा आहे, आणि महाराष्ट्रांत १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणें भांगेसही परवाना लागतो, हें एका वकिलास मी काय सांगावें!

साधनें कोणतीं?

१९८१ सालीं सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन ह्या डॉक्टरांनीं एक साधी युक्ति काढली. नाकावर मुखवटा बसवून पंख्यानें हवेचा सौम्य दाब सतत द्यावयाचा, म्हणजे घशाची वाट मिटत नाहीं. हेंच 'सीपॅप' यंत्र. त्यांत प्राणवायूचें नळकांडें नसतें, औषधही नसतें; आपल्या खोलींतलीच गाळलेली हवा. पहिला आठवडा सर्वांस जड जातो. नाक कोरडें पडत असल्यास यंत्रास पाण्याची कुपी जोडतात; तींत ऊर्ध्वपातित पाणी रोज नवें घालावें आणि मुखवटा रोज धुवावा. मुखवट्याचें माप चुकलें म्हणून यंत्र कपाटांत ठेवूं नये. माप बदलून घ्यावें.

सौम्य किंवा मध्यम विकारांत खालचा जबडा किंचित् पुढें धरणारी दातांवरची पट्टी दंतवैद्याकडून करून घेतां येते. उताणें निजल्यानेंच ज्यांचा श्वास अडतो, त्यांनीं कुशीवर निजावें. सदऱ्याच्या पाठीस खिसा शिवून त्यांत चेंडू ठेवण्याची युक्ति हास्यास्पद दिसली तरी कांहींजणांस उपयोगी पडते. स्थूल माणसांत वजन उतरल्यानें पुष्कळ गुण येतो. टिर्झेपॅटाइड ह्या टोंचून घेण्याच्या औषधास अमेरिकेंत डिसेंबर २०२४ मध्यें अशा रुग्णांसाठीं मान्यताही मिळाली. लहान मुलें घोरत असल्यास बहुधा टॉन्सिलें वाढलेलीं असतात. तीं वैद्यास दाखवावींत.

वाचकांस कौतुक वाटेल अशी एक गोष्ट येथें सांगतों. २०२५ सालीं जयपूर येथील ३० रुग्णांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांतील कांहींनीं सहा महिने नियमानें शंख फुंकला, बाकीच्यांनीं दीर्घ श्वसन केलें. शंख फुंकणाऱ्यांची दिवसाची झोंप सुमारें तृतीयांश कमी झाली आणि तासाचे अडथळेही सरासरी चारपांच घटले. प्रयोग लहान आहे. देवघरांतील शंख जरूर फुंकावा; परंतु ३८ आंकड्याच्या माणसानें तेवढ्यावर विसंबूं नये.

आपल्या दोन जिल्ह्यांत

चंद्रपूरच्या वीजकेंद्रांत, कोळशाच्या खाणींत आणि बल्लारपूरच्या कागद गिरणींत पाळ्यांनीं राबणारे हजारों लोक दिवसा निजतात व रात्रीं जागतात. त्यांच्या डोळ्यांवरची झोंप पाळीच्या माथीं मारली जाते आणि आंतला विकार झांकलेला राहतो. दारूनें घशाचे स्नायू आणखी सैल पडतात. गडचिरोलींत १९९३ पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरांतील २०१५ ची बंदी मात्र २०२१ सालीं उठली. खर्ऱ्यांतील तंबाखूही झोंपेची वैरीणच आहे. ज्या घरांत सिकलसेलचा आजार आहे तेथें मूल घोरत असेल तर विशेष जपावें, कारण प्राणवायूची घट त्या आजारास बाधते. सिरोंच्याकडील माणसास जिल्ह्याचें ठिकाण सुमारें दोनशें किलोमीटर पडतें. त्यानें यंत्र घेतांना वीज गेल्यास चालणाऱ्या बॅटरीची चौकशी आधीं करावी.

परंतु सर्वांत मोठें साधन बाजारांत मिळत नाहीं. निजणाऱ्यास आपला श्वास ऐकूं येत नाहीं. तो शेजारच्यानेंच ऐकावयाचा असतो. आमच्या एकत्र कुटुंबांत वडीलधाऱ्यांच्या घोरण्याची थट्टा चालते, तक्रार चालत नाहीं. आणि जी ऐकते तीच गप्प बसते. तिनें मोबाईलवर दोन मिनिटांचें चित्रण करून डॉक्टरांस दाखवावें. त्यांत मर्यादाभंग नाहीं.

काका आतां यंत्र लावून निजतात. पुडी त्यांनीं स्वतःच टाकून दिली. महिन्याभरानें डॉक्टरांकडे गेले असतां ते म्हणाले, "आमच्या मंडळींचीही तपासणी करावी म्हणतों. तीही घोरते, मधूनच थांबते. मला आजवर कळलेंच नव्हतें." काकू लाजून म्हणाल्या, "अहो, कांहींतरीच काय!" तपासणींत मध्यम विकार निघाला. बायकांत, विशेषतः पन्नाशीनंतर, हा विकार सर्रास राहून जातो, असें डॉक्टर म्हणाले. सहासात वर्षें काकू नवऱ्याचा श्वास मोजीत जाग्या राहिल्या. त्यांचा श्वास मोजावयास मात्र कोणी जागें नव्हतें.