जेल लावून फिरवतात ते फिजिओथेरपीचं मशीन नेमकं काय करतं?

अनंत चतुर्दशीची मिरवणूक संपते आणि ढोल-ताशा पथकातल्या पोरापोरींचे खांदे बोलायला लागतात. कुणाचा हात वर जात नाही, कुणाचं मनगट धरतं. बुधवार पेठेत तर दुखणी बारा महिने असतात. अप्पा बळवंत चौकात पुस्तकांचे गठ्ठे उचलून कंबर जाते, तपकीर गल्लीत दिवसभर मान खाली घालून सोल्डरिंग करून मान आखडते.

मग फिजिओथेरपिस्टकडे गेलं की दुखऱ्या जागी थंडगार जेल लावतात आणि एक गोल, गुळगुळीत धातूचं टोक पाच-दहा मिनिटं फिरवतात. बहुतेक जण घरी येऊन सांगतात, "मशीनचा शेक घेतला."

पण हा शेक असतो का? आणि त्यानं दुखणं खरंच बरं होतं का?

आवाज आहे, पण ऐकू येत नाही

माणसाच्या कानाला सेकंदाला साधारण २० ते २० हजार कंपनांचा आवाज ऐकू येतो. हे मशीन सेकंदाला १० लाख किंवा ३० लाख कंपनं सोडतं. म्हणून त्याला अल्ट्रासाउंड म्हणतात.

सोनोग्राफीतही अशाच लहरी असतात. पण सोनोग्राफी परत येणाऱ्या लहरींवरून चित्र बनवते. उपचाराचं मशीन चित्र काढत नाही, फक्त ऊर्जा आत सोडतं. त्यामुळे आत काय फाटलंय किंवा सुजलंय, हे त्यातून कळत नाही.

या लहरींचा शरीरावर परिणाम होतो हे पहिल्या महायुद्धाच्या काळातच लक्षात आलं होतं. फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल लांजव्हँ पाणबुड्या शोधण्यासाठी प्रयोग करत होते. लहरींच्या वाटेतले छोटे मासे मरत होते आणि पाण्यात हात घातला की वेदना होत होत्या.

जेल कशाला लागतं?

या लहरींना हवा ओलांडता येत नाही. टोक आणि कातडी यांच्यात हवेचा पातळ थर राहिला तरी बहुतेक लहरी तिथूनच परत फिरतात. जेल ती फट भरतं. ते औषध नसतं.

१० लाख कंपनांच्या लहरी काही सेंटीमीटर खोल जातात, ३० लाखांच्या वरच्या एक-दोन सेंटीमीटरमध्येच जिरतात. म्हणून मांडीच्या खोल स्नायूसाठी पहिल्या आणि मनगटासाठी दुसऱ्या वापरतात.

लहरी सलग सोडल्या की स्नायूबंध आणि सांध्याभोवतीचा भाग आतून गरम होतो. थांबून थांबून सोडल्या तर उष्णता कमी होते. टोक एकाच जागी धरलं तर तिथे भाजू शकतं, म्हणूनच ते सतत फिरवतात. आत एकदम ठणका लागला तर गप्प बसू नका, लगेच सांगा.

मग गुण येतो का?

इथे एक गंमत आहे. मशीन चालू आहे की बंद, हे रुग्णाला बऱ्याचदा कळत नाही. त्यामुळे त्याची परीक्षा घेणं सोपं आहे. काहींवर चालू मशीन फिरवायचं, काहींवर बंद आणि मग तुलना करायची.

असे अभ्यास बरेच झाले. २००१ साली दोन संशोधकांनी १९७५ ते १९९९ मधले ३५ अभ्यास तपासले. नीट केलेले फक्त १० निघाले आणि त्यातल्या दोनच अभ्यासांत चालू मशीन बंद मशीनपेक्षा सरस ठरलं. एक होता मनगटातली नस दबण्याच्या त्रासावर, दुसरा खांद्यात कॅल्शियम साचण्यावर. खांद्याच्या अभ्यासात १५ मिनिटांची २४ सेशन्स दिली होती. सुरुवातीला फायदा स्पष्ट दिसला, पण नऊ महिन्यांनी दोन्ही गटांच्या दुखण्यात ठोस फरक उरला नाही.

कंबरदुखीसाठी तर ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं २०१६ मध्ये सरळ सांगितलं की हा उपचार देऊ नका. हाड लवकर जुळावं म्हणून अतिशय मंद लहरी वापरतात. त्याचीही २०१६ मध्ये नडगीच्या हाडाच्या ५०१ रुग्णांवर परीक्षा झाली आणि फायदा दिसला नाही.

मग अनेकांना बरं का वाटतं? उबेनं थोडा वेळ आराम मिळतो. शिवाय मुरगळणं, लचकणं अशी दुखणी काही आठवड्यांत आपोआप कमी होतात. त्या दिवसांत मशीन सुरू असेल तर श्रेय मशीनला जातं.

कुणी जपायचं?

गरोदर बाईच्या पोटावर आणि कंबरेवर, डोळ्यांवर, कॅन्सरच्या गाठीवर, पेसमेकरच्या जागेवर किंवा शिरेत रक्ताची गुठळी असेल तिथे हे मशीन फिरवत नाहीत. वाढत्या वयातल्या मुलांच्या हाडांच्या टोकांवरही टाळतात. मधुमेहामुळे पाय बधिर असतील तर भाजलेलं कळतच नाही. ऑनलाइन मशीन मागवून आजी-आजोबांच्या पायावर फिरवणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

खरा धोका वेगळाच

तज्ज्ञ हातात मशीन बऱ्यापैकी सुरक्षित असतं. नुकसान होतं ते वेळेचं. दहा दिवस नुसतं झोपून मशीन घेतलं आणि खांदा हलवलाच नाही तर सांधा आखडत जातो. खांदा, मान, कंबर यांच्या दुखण्यांत हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम हाच उपचाराचा कणा असतो. मशीन फार तर त्याच्या जोडीला.

म्हणून पुढच्या वेळी दोन प्रश्न नक्की विचारा: "माझ्या दुखण्यात याचा किती उपयोग होतो?" आणि "घरी कोणता व्यायाम करू?" दुसऱ्या प्रश्नाला नीट उत्तर मिळालं नाही तर दुसरा फिजिओथेरपिस्ट शोधा. पुढच्या गणपतीत ढोल उचलायचा असेल तर खांद्याची तयारी मशीन करून देणार नाही, ती आपल्यालाच करावी लागते.