एक तलाव, दोन हक्क : धानाचे पाणी आणि देशी मासे

पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे तलावांचे जिल्हे होत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजातील कर्त्या शेतकऱ्यांनी उताराच्या जमिनीवर मातीच्या पाळी घालून पावसाचे पाणी अडविले व त्यावर धानाची शेती उभी केली. हेच पुढे मालगुजारी तलाव म्हणून ओळखले जाऊ लागले. लहानमोठे मिळून सहा हजारांहून अधिक तलाव या भागात आहेत. त्यांच्या पाण्यावर शेतकऱ्याचे धान पिकते आणि त्यातील मासळीवर ढिवर बांधवांचा चरितार्थ चालतो. पाणी एकच, हक्क मात्र दोन.

मालगुजारी १९५१ साली संपुष्टात आली व तलाव शासनाकडे आले. पाणीवाटप एका व्यवस्थेकडे आणि मासेमारीचा ठेका दुसऱ्या व्यवस्थेकडे गेला. तलाव एक आहे, हा विचार मागे पडला.

देशी मासा का घटला?

मरळ, मागूर, वाम, शिवडा आणि शिंगाळा हे या भागातील जुने मासे. मृगाचा पाऊस पडून तलावात नवे पाणी आले की यांतील पुष्कळसे मासे उथळ काठाकडे, ओढ्यात व बांध्यांत चढतात आणि तेथे अंडी घालतात. मरळ पाणवनस्पतींच्या आडोशाला घरटे करते व नरमादी मिळून पिलांची राखण करतात. म्हणजे या माशांना तीन गोष्टी हव्यात : उन्हाळ्यात तग धरण्यापुरते पाणी, पावसाळ्यात वर चढण्यास मोकळी वाट आणि अंड्यापिलांसाठी वनस्पतींचा आसरा.

या तिन्ही गोष्टींवर घाला पडला आहे. पाणी सोडण्याच्या दाराखालचे पाणी पूर्वी आपोआप तलावात राहत असे. पंप आल्यापासून तेही उपसता येते. उन्हाळी धानामुळे ही ओढ अधिकच वाढली. येव्याच्या ओढ्यांवर अतिक्रमणे झाली. काठावर बेशरम माजली. चीनकडील गवत्या मासा १९५९ साली भारतात आणला गेला. तो जेथे सोडला जातो, तेथे पाणवनस्पती फस्त करतो. सायप्रिनस मासा अन्न शोधताना तळाचा चिखल ढवळून पाणी गढूळ करतो.

रोहू, कटला यांच्यापासून उत्पन्न मिळते, हे खरे. परंतु हे मासे साचलेल्या पाण्यात अंडी घालीत नाहीत. त्यांचे बीज दरवर्षी विकत आणावे लागते. देशी मासा, त्याची सोय राखली तर, आपले बीज आपणच तयार करतो. शिवाय मरळीला बाजारात चांगला भाव येतो.

कायद्याचा आधार

सुरुंग लावून वा विष घालून मासे मारण्यास १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यानेच मनाई केली होती. पुढे महाराष्ट्राने १९६० चा स्वतंत्र अधिनियम केला. थाई मागूर पाळण्यास केंद्र शासनाने २००० साली बंदी घातली. जैवविविधता अधिनियम, २००२ प्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमावयाची आहे. सिंचनाचे व्यवस्थापन पाणीवापर संस्थांकडे सोपविण्यासाठी २००५ साली स्वतंत्र कायदा झाला. मात्र तलावात वैशाखापर्यंत किती पाणी ठेवावयाचे, हे कागदावरील कलम एकटे ठरवू शकत नाही. ते शेतकरी व ढिवर यांनी एकत्र बसूनच ठरविले पाहिजे.

अर्जुनी-मोरगावचा अनुभव

गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी-मोरगाव परिसरात ढिवर स्त्रीपुरुषांनी भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या सहकार्याने हे काम हाती घेतले. काठावरची बेशरम मुळासकट काढली, उन्हाळ्यात तळाची जमीन नांगरली आणि पाऊस पडताच देशी पाणवनस्पती लावल्या. कोणती वनस्पती कोणत्या माशाला व पाखराला उपयोगी पडते, हे ज्ञान ढिवर समाजापाशी होतेच. त्याला अभ्यासाची जोड मिळाली. वनस्पती परतल्या, तसे मासेही परतू लागले.

गावाने काय करावे?

१. धानाला शेवटचे पाणी देण्यापूर्वी पाणीवापर संस्था व मच्छीमार संस्था यांची संयुक्त बैठक घ्यावी. उन्हाळ्यासाठी राखावयाची पाणीपातळी ठरवून तिची खूण पाळीच्या दगडावर रंगवावी. खुणेखालचे पाणी पंपाने उपसू नये.

२. पहिल्या पावसानंतर काही आठवडे येव्याच्या ओढ्यात व सांडव्याच्या तोंडाशी जाळी वा सापळे लावू नयेत. अंड्यावर आलेली मादी मारणे म्हणजे बियाण्याचे धान शिजवून खाण्यासारखे आहे.

३. पाणवनस्पती राखावयाच्या तलावात गवत्या मासा सोडू नये.

४. काठाच्या व गाळपेराच्या जमिनीत कीटकनाशके वापरू नयेत; फवाऱ्याचे पंप तलावात धुऊ नयेत.

५. गावात आढळणाऱ्या माशांची नोंद लोकजैवविविधता नोंदवहीत करावी. ही माहिती वृद्ध ढिवरांकडून आजच घ्यावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी या बैठकीसाठी पुढाकार घ्यावा. दोन्ही पक्षांना प्रथम तलावाच्या पाळीवर न्यावे आणि मग चर्चा करावी. राखलेले हातभर पाणी शेतकऱ्याला वाया गेल्यासारखे वाटेल. परंतु त्याच पाण्यावर उन्हाळ्यात गावची गुरे जगतात, विहिरींचा झरा टिकतो आणि शेजारच्या ढिवराच्या घरी चूल पेटते. कोहळ्यांनी पाळ बांधली ती साऱ्या गावासाठी. तिच्यामागचे पाणी वाटून घेण्याचे शहाणपणही साऱ्या गावानेच दाखवावयाचे आहे.