लाकूड जुनं, पण पेटारा?

जुन्या सामानाच्या दुकानात सागवानी पेटाऱ्यावर थाप मारून दुकानदार सांगतो, 'दीडशे वर्षांचा आहे.' लाकडापुरतं ते खरंही असू शकतं. वाडे पाडले की त्यांच्या तुळया, खांब, फळ्या बाजारात येतात, आणि साग टिकतो तो पिढ्यान् पिढ्या. मुंबईच्या गोदीत १८१७ साली बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही सागवानी युद्धनौका इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही पाण्यावर उभी आहे. तेवढ्याच जुन्या तुळईतून गेल्या वर्षी कुणी पेटारा केला असेल, तर जुनं काय म्हणायचं?

प्रयोगशाळेकडे धाव घेऊनही हा पेच सुटत नाही. कार्बन-१४ची चाचणी ते लाकूड झाडात कधी वाढलं एवढंच सांगते, सुताराने ते हातात कधी घेतलं हे नाही. त्यातही साधारण १६५० ते १९५० या काळासाठी तिची उत्तरं संदिग्ध येतात. एका बाबतीत मात्र ती बिनचूक ठरते. १९५५नंतरच्या अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-१४ झपाट्याने वाढला आणि त्यानंतर वाढलेल्या लाकडात तो वाढीव अंश सापडतो. तसा सापडला, तर 'दीडशे वर्षं' तिथेच संपली. नाही सापडला, तर काहीच सिद्ध होत नाही. या साऱ्या शोधाची रीतच अशी आहे: खरेपणा सिद्ध करता येत नाही, विसंगती पकडता येते.

म्हणून पेटारा आधी उलटा करावा. दर्शनी बाजू सगळेच सजवतात. तळ आणि पाठ सुतार फारसे घोटत बसत नसत. तिथे करवतीच्या खुणा उरलेल्या असतात. पूर्वी एक माणूस वर आणि एक खाली उभा राहून ओंडका चिरत असे. त्या खुणा सरळ, थोड्या तिरक्या आणि कमीजास्त अंतरावर असतात, कारण दोघांचा जोर प्रत्येक ओढीला सारखा नसतो. गोल फिरणाऱ्या यांत्रिक करवतीच्या खुणा कमानीसारख्या वळतात. फळीवर तिरपा टॉर्च धरला की दोन्ही स्पष्ट दिसतात. हाताच्या रंध्याने तासलेल्या पृष्ठभागावरून बोटं फिरवली तर उथळ लाटा लागतात.

लाकूड आटतं, पण सगळीकडे सारखं नाही. लांबीत जवळजवळ नाहीच. रुंदीत आटतं, आणि वर्षवलयांच्या कडेने जितकं आटतं त्याच्या साधारण निम्मं गाभ्याच्या दिशेने. त्यामुळे जुन्या गोल तिवईची वरची फळी अचूक गोल राहत नाही. रेषांच्या दिशेने आणि रेषांना आडवं असं दोनदा मोजलं, तर दुसरं माप काही मिलिमीटर कमी भरतं. फळी तंतोतंत गोल निघाली, तर शंका घ्यायला जागा आहे.

खिळ्यांचं नीट पाहावं लागतं. लोहाराने ठोकून केलेला खिळा चौकोनी आणि डोक्याशी ओबडधोबड असतो. तारेपासून केलेला गोल खिळा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पसरला. फुलीच्या खाचेच्या स्क्रूचं पेटंट १९३६चं आहे. पण गावाकडच्या कामात याचा उलटा अर्थ काढू नये. शहरात यंत्रं आल्यावरही गावचा सुतार वडिलांच्याच हत्यारांनी काम करत राहिला, म्हणून हातखिळा दिसला की वस्तू जुनीच असं ठरत नाही. युरोपातल्या पुस्तकांत खिळ्याभोवती काळा डाग शोधायला सांगतात, तेही इथे जसंच्या तसं लागू नाही. ओकच्या लाकडात टॅनिन भरपूर असतं आणि लोखंडाशी ते काळं पडतं. सागाचं तसं नाही. जहाजं बांधणाऱ्यांना तो आवडे त्याचं हेही एक कारण.

आंब्यासारख्या लाकडात किडीची भोकंही बोलतात. अळी आतून बोगदे पोखरते आणि भुंगेरा होऊन गोल भोकातून बाहेर पडतो. पृष्ठभागावर गोल भोकांऐवजी उघडे, लांबट चर दिसले, तर ती फळी कीड लागून गेल्यावर चिरली आहे. म्हणजे लाकूड जुनं, काम नवं.

दुरुस्तीला मात्र मी दोष मानत नाही. कुजलेला पाय बदलून, तळाला एक फळी नव्याने ठोकून वापरलेला पेटारा मला अस्सलच वाटतो. कुणाला तरी तो वापरायचा होता म्हणून तो सांधला गेला. फसवणूक वेगळी असते: एका कपाटाचं धड आणि दुसऱ्याची दारं जुळवून एकच जुनी वस्तू म्हणून विकणं. तिथे बिजागरीच्या रिकाम्या जुन्या खाचा, निरर्थक भोकं आणि दोन भागांचा न जुळणारा रंग शोधावा.

खरं नुकसान होतं ते घासकामाने. गिऱ्हाइकाला चकचकीत हवं म्हणून पॉलिशकागदाचं मशीन फिरतं, आणि करवतीच्या खुणा, रंध्याच्या लाटा, उजेडाने सावकाश बदललेला वरचा थर असं सगळं अर्ध्या दिवसात भुशात जातं. पेटारा खरोखर दीडशे वर्षांचा असला, तरी मग ते ओळखण्याजोगं त्याच्या अंगावर फारसं काही राहत नाही.